अल्बममध्ये स्वयंपाकघर का नसते?

आपल्या घरी १९६०-७० च्या सुमाराचा एखादा फोटोंचा अल्बम असेल, तर हा लेख वाचण्याआधी तो काढून जवळ ठेवावा. काळी जाड पाने, त्यांच्यामध्ये पातळ जाळीदार कागद आणि चिकटवलेल्या कोपऱ्यांत अडकवलेली लहान लहान कृष्णधवल चित्रे. ही चित्रे ओळीने पाहत जा आणि काही गोष्टींची नोंद करा. किती चित्रे उघड्यावर काढलेली आहेत आणि किती घरात? किती जणांचे डोळे बारीक झालेले आहेत? किती जण डोक्यापासून पायांपर्यंत पूर्ण दिसतात? आणि कुणी एखादे काम करताना दिसते का?

आम्ही घरच्या अल्बमवर हा उद्योग केला. जवळजवळ सगळी चित्रे अंगणातली किंवा गच्चीवरची निघाली. घरात काढलेली थोडी होती, ती लग्नातली. ज्या काकूंनी आयुष्याचा निम्मा भाग चुलीपुढे काढला, त्यांचे चुलीपुढचे एकही चित्र नाही. काकू अल्बममध्ये आहेत, पण तुळशीवृंदावनाशेजारी, ठेवणीतली साडी नेसून, उन्हाने कपाळाला आठ्या घालून उभ्या.

याचे एक कारण सामाजिक आहे, आणि ते आम्ही नाकारत नाही. कॅमेरा बहुधा पुरुषांच्या हातात असे, रोल महाग असे, आणि रोजचे काम हा 'फोटो काढण्याजोगा' विषय आहे असे कुणाला वाटत नसे. पण दुसरे कारण निव्वळ भौतिकीचे आहे. एखाद्याला मनापासून वाटले असते, तरी त्या वेळच्या घरगुती कॅमेऱ्याने चुलीपुढचे चित्र निघाले असते का? हे आकडेमोड करून पाहता येते. सुदैवाने तो कॅमेरा अजून आमच्या कपाटात आहे आणि त्याला लागणारी फिल्म आजही बनते, म्हणून प्रयोगही करता येतो.

डब्यात काय असते?

हा कॅमेरा म्हणजे खरोखरच एक डबा आहे. पुढे एक भिंग, त्याच्यामागे एक भोक, स्प्रिंगवर चालणारा एक पत्र्याचा पडदा, मागे फिल्म गुंडाळायची जागा आणि ती सरकवायची एक चावी. बॅटरी नाही, काटा नाही, मोजमाप काही नाही. कोडॅक कंपनीने १९०० साली 'ब्राउनी' नावाचा असा स्वस्त डबा विकायला काढला आणि त्याची असंख्य भावंडे जगभर निघाली. आपल्याकडे अनेकांना आठवत असेल तो 'अॅग्फा क्लिक थ्री' हा त्याच कुळातला, पण प्लॅस्टिकच्या काळातला, भारतात तयार झालेला कॅमेरा.

यात लागणाऱ्या फिल्मला '१२० चा रोल' म्हणतात. ही फिल्म १९०१ साली आली आणि तेव्हापासून तिची रुंदी बदललेली नाही. सव्वाशे वर्षे एकाच मापाने टिकलेल्या वस्तू तंत्रज्ञानात फार थोड्या. फिल्मच्या पाठीला काळा कागद असतो आणि त्यावर आकडे छापलेले असतात. डब्याच्या पाठीमागे एक लाल काचेची खिडकी असते, तिच्यातून हे आकडे पाहत रोल पुढे सरकवायचा. १, २, ३ असे करत बारा चौरस चित्रे निघतात.

खिडकी लालच का? सुरुवातीच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे. निळा, जांभळा आणि हिरवा प्रकाश तिच्यावर परिणाम करी, लाल करीत नसे. त्यामुळे लाल काचेतून थोडा प्रकाश आत झिरपला, तरी बिघडत नसे. आजची कृष्णधवल फिल्म बहुतेक करून सर्व रंगांना संवेदनशील असते. हे आम्हांला ठाऊक होते, तरीही पहिल्या रोलच्या वेळी आम्ही भर उन्हात निवांतपणे खिडकीतून आकडे पाहत बसलो. परिणामी रसवंतीच्या चरकाच्या सुंदर चित्रावर मध्यभागी एक पांढुरका चंद्र उगवला आहे. आपण खिडकीवर काळी चिकटपट्टी लावावी आणि रोल सरकवताना सावलीत जाऊन क्षणभरच उचलावी.

प्रकाशाचा हिशेब

फिल्मवर किती प्रकाश पडतो, हे दोन गोष्टींवर ठरते: भोक किती मोठे आणि पडदा किती वेळ उघडा. भोकाचे माप सांगण्याची रीत थोडी उलटी आहे. भिंगाच्या नाभीय अंतराला भोकाच्या व्यासाने भागतात. आमच्या डब्याच्या भिंगाचे नाभीय अंतर ७५ मिलिमीटर आणि भोकाचा व्यास सुमारे ६.८ मिलिमीटर, म्हणून त्याला एफ/११ म्हणायचे. आकडा वाढला की भोक लहान होते. प्रकाश भोकाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर, अवलंबून असल्यामुळे एफ/११ मधून एफ/१६ च्या दुप्पट प्रकाश आत येतो. १६ भागिले ११ चा वर्ग करून पाहा.

फिल्म किती चटकन प्रकाश टिपते, याचा आकडा तिच्या खोक्यावर छापलेला असतो: १००, ४०० वगैरे. जुन्या छायाचित्रकारांचा एक सोपा नियम होता. लख्ख ऊन असेल आणि भोक एफ/१६ असेल, तर पडदा फिल्मच्या आकड्याइतक्या भागाला उघडावा. १०० ची फिल्म असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग. हा नियम कुठल्याही यंत्राविना चालतो, कारण सूर्य फार विश्वासू आहे. निरभ्र आकाशात सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत त्याचा उजेड नियम मोडण्याइतका बदलत नाही.

आता हा नियम डब्याला लावू. डब्यात भोक एफ/११ आणि पडद्याचा वेग साधारण १/५० सेकंद, दोन्ही कारखान्यातच ठरलेले. एफ/१६ ला १/२५ सेकंद म्हणजे तितकाच प्रकाश. म्हणजे हा डबा लख्ख ऊन आणि २५ च्या आसपासची मंद फिल्म या जोडीसाठी बेतलेला आहे. पुढे १०० ची फिल्म सर्रास मिळू लागली, तेव्हा उन्हात चौपट प्रकाश जादा पडू लागला. पण निगेटिव्ह फिल्म उदार असते. जादा प्रकाश ती बराच सोसते. कमी प्रकाश मात्र सोसत नाही, कारण जिथे प्रकाश पोहोचलाच नाही तिथे नंतर काहीही करून चित्र आणता येत नाही. म्हणूनच अशा कॅमेऱ्यांबरोबर ठरलेली सूचना असे: सूर्य पाठीशी ठेवा. छायाचित्र काढणाऱ्याच्या पाठीशी सूर्य, म्हणजे समोरच्या माणसाच्या थेट डोळ्यांत. आपल्या आजोबा-आजींच्या बारीक झालेल्या डोळ्यांचे आणि काकूंच्या आठ्यांचे हे स्पष्टीकरण. त्या रागावलेल्या नव्हत्या!

अल्बममधले एखादे चित्र नीट पाहिले, तर काढणाऱ्याची सावलीही खालच्या कडेला सापडते. उभ्या माणसाची उंची आणि जमिनीवरच्या त्याच्या सावलीची लांबी यांच्या गुणोत्तरावरून सूर्याची उंची काढता येते. दहावीच्या वर्गाला त्रिकोणमितीसाठी यापेक्षा चांगले उदाहरण आम्हांला सुचत नाही.

माणसे पूर्ण उभी का?

डब्यात दूर-जवळ जुळवायची सोय नसते. भिंग कारखान्यातच एका अंतरासाठी पक्के केलेले असते. मग दूरचे आणि जवळचे दोन्ही कसे दिसते? बिंदूची प्रतिमा थोडी पसरून ठिपका झाली, तरी तो ठिपका एक दशांश मिलिमीटरच्या आत असला, तर वीतभर अंतरावरून आपला डोळा त्याला बिंदूच समजतो. नाभीय अंतराचा वर्ग, म्हणजे ५६२५, याला ११ ने आणि ०.१ ने भागा. उत्तर सुमारे ५१०० मिलिमीटर, म्हणजे पाच मीटर. भिंग पाच मीटरवर पक्के केले, की त्याच्या निम्म्या अंतरापासून, म्हणजे अडीच मीटरपासून, थेट क्षितिजापर्यंत सगळे 'स्पष्ट' दिसते. स्पष्ट, पण फिल्मच्या मापाच्या छोट्या चित्रावर. आजोबांचे असे चित्र मोठे करून भिंतीवर लावायला गेलो, की ते धूसर का होते, हेही यातच आले.

अडीच मीटरच्या आत यायचे नाही, म्हणून काढणारा आठ-दहा फुटांवर उभा राहत असे. तीन मीटरवर ५६ मिलिमीटर रुंदीच्या चित्रात किती जागा मावते? प्रतिमा चाळीसपट लहान होते, म्हणून सव्वादोन मीटर. उभा माणूस डोक्यापासून पायांपर्यंत आणि वर थोडे आकाश. चेहरा त्यात फिल्मवर जेमतेम अर्धा सेंटिमीटर. जुन्या अल्बममधल्या माणसांच्या पायांतल्या वहाणा आपल्याला इतक्या ओळखीच्या का असतात, याचे हे उत्तर.

आणि हलू नका, असे दरडावून का सांगत? चालणारा माणूस सेकंदाला सुमारे १.४ मीटर जातो. १/५० सेकंदात तो २.८ सेंटिमीटर सरकतो. तीन मीटरवरून काढल्यास फिल्मवर ही सरक ०.७ मिलिमीटर होते, म्हणजे आपल्या परवानगीच्या ठिपक्याच्या सातपट. तोच माणूस पंधरा मीटरवर असेल, तर सरक ०.१४ मिलिमीटर, म्हणजे जवळपास चालण्याजोगी. म्हणून या डब्याने बाजार काढायचा तर लांबून, आणि जवळून काढायचे तर काम थांबवून. कासार, लोहार, धुणे धुणाऱ्या बायका हे सगळे एक तर ठिपक्याएवढे दिसतात किंवा हात बांधून कॅमेऱ्याकडे पाहत उभे असतात.

स्वयंपाकघरातला उजेड

लख्ख उन्हात उजेड सुमारे एक लाख लक्स असतो. जुन्या घराच्या स्वयंपाकघरात, एका लहान खिडकीच्या किंवा एका साध्या दिव्याच्या उजेडात, तो पन्नास लक्सच्या आसपास येतो. दोन हजारपट कमी! आपल्याला हा फरक जाणवत नाही, कारण डोळा आपली बाहुली मोठी करतो आणि आतली संवेदनशीलताही बदलतो. डब्याला यातले काही जमत नाही.

१०० च्या फिल्मला एफ/११ वर उन्हात १/२०० सेकंद पुरतो. स्वयंपाकघरात याच्या दोन हजारपट, म्हणजे दहा सेकंद लागतील. डबा देतो १/५० सेकंद. म्हणजे हवा त्याच्या पाचशेव्या भागाइतकाच प्रकाश फिल्मला मिळणार. अशा निगेटिव्हवर काहीही नसते, ती कोरी स्वच्छ काच वाटते. घरात काढलेली लग्नाची चित्रे मात्र आहेत, कारण तिथे फ्लॅशबल्ब घेऊन आलेला व्यावसायिक छायाचित्रकार होता. एक बल्ब एकदाच उडायचा. भाकरीसाठी कोण बल्ब उडवणार?

दहा सेकंदांचा हिशेबही पुरता बरोबर नाही. तो का, हे समजण्यासाठी फिल्मच्या आत डोकवावे लागेल.

फिल्मवर जिलेटिनच्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे अतिसूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. प्रकाशाचा एक कण स्फटिकात शिरला की एक इलेक्ट्रॉन सुटा होतो. तो भटकत स्फटिकातल्या एखाद्या दोषाच्या जागी अडकतो. तिथे चांदीचा एक आयन येऊन त्याला मिळतो आणि चांदीचा एक अणू तयार होतो. असे तीन-चार अणू एका ठिकाणी जमले, की तो स्फटिक 'नोंदला' गेला. डोळ्याला यातले काहीच दिसत नाही. पण विकासक द्रावणात बुडवल्यावर नोंदलेला स्फटिक संपूर्णपणे काळ्या चांदीत बदलतो आणि न नोंदलेला तसाच राहतो. चार अणूंच्या खुणेचे रूपांतर अब्जावधी अणूंच्या कणात होते. या यंत्रणेचा उलगडा गर्नी आणि मॉट या शास्त्रज्ञांनी १९३८ साली केला, म्हणजे छायाचित्रण सुरू होऊन जवळजवळ शंभर वर्षे झाल्यावर. तोवर लोक चित्रे काढतच होते.

आता गोम अशी, की एकट्या अणूला स्थैर्य नसते. दुसरा लवकर येऊन मिळाला नाही, तर तो पुन्हा आयन होऊन जातो आणि आधीची कमाई वाया जाते. भरपूर उजेडात दुसरा लगेच येतो. मंद उजेडात वाट पाहण्यातच पहिला मोडतो. गळक्या हंड्यात थेंब थेंब पाणी भरण्यासारखे हे आहे: निम्म्या धारेला दुप्पट वेळ पुरत नाही, जास्त लागतो. ताऱ्यांची चित्रे घेताना कार्ल श्वार्झशिल्ड या खगोलशास्त्रज्ञाने या तुटीचा १९०० च्या सुमारास अभ्यास केला होता. अंधुक तारा आणि अंधुक स्वयंपाकघर, फिल्मच्या दृष्टीने दुखणे एकच.

आमचा रोल

पहिले काम, डब्याचा वेग तपासण्याचे. साठ वर्षांत स्प्रिंग थकलेली असते. रोल घालण्याआधी डब्याची पाठ उघडून, भिंग खिडकीकडे धरून, मोबाइलच्या मंदगती चित्रणाने पडद्याची उघडझाप टिपावी. सेकंदाला २४० चौकटी टिपणाऱ्या मोबाइलवर आमच्या डब्याचे भोक आठ चौकटींत उजळ दिसले. म्हणजे १/३० सेकंद. मोबाइल नसेल तर सायकल उलटी ठेवून चाक फिरवावे, आऱ्याला पांढरे कार्ड लावून उन्हात चित्र घ्यावे आणि कार्डाची पुसट कमान कोनमापकाने मोजावी. चाक सेकंदाला दोन फेऱ्या घेत असेल, तर ते ७२० अंश फिरते. कमान २४ अंशांची आली तर उत्तर तेच.

फिल्म आम्ही ४०० ची घेतली. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या कारखान्यातली 'इंदू' फिल्म एकेकाळी शाळांच्या सहलींपर्यंत पोहोचली होती. तो कारखाना आता बंद झाला आहे, त्यामुळे परदेशी रोलवाचून इलाज नाही. ४०० ची फिल्म आणि १/३० सेकंद या जोडीत उन्हात पंचवीसपटीहून अधिक प्रकाश जादा पडतो, हे उदार निगेटिव्हलाही जड जाते. म्हणून आम्ही जुनी सूचना उलटी केली आणि ऊन टाळले. कडुनिंबाखालचा चांभार, एसटी स्थानकाच्या छपराखालचे बाकडे, दुपारी तीनची सावलीतली गल्ली. मोकळ्या सावलीत उन्हाच्या आठवा भाग उजेड असतो, आणि आमच्या थकलेल्या डब्याला नेमका तोच मानवतो. चांभाराचे चित्र सगळ्यांत चांगले आले. त्याचे डोळे पूर्ण उघडे आहेत.

शेवटचे चित्र गावी काकूंच्या स्वयंपाकघरात. गॅस आला आहे, पण भाकरी अजून चुलीवरच होते. मोबाइलने उजेड मोजला, तो पन्नास लक्सच्या आगेमागे भरला. ४०० च्या फिल्मला अडीच सेकंद, वर तुटीची भर घालून चार सेकंद धरले. आमच्या डब्याला एक खीळ आहे, ती ओढली की कळ दाबून धरू तितका वेळ पडदा उघडा राहतो. डबा पालथ्या घातलेल्या पिठाच्या डब्यावर ठेवला, कळ दाबली आणि चार मोजले. काकू भाकरी थापत होत्या. त्यांना थांबायला सांगितले नाही.

रोल आम्ही कॉफीत धुतला. ही थट्टा नव्हे. कॉफीतले कॅफिक आम्ल विकासकाचे काम करते, हे अमेरिकेतल्या रॉचेस्टर येथील तंत्रज्ञान संस्थेत १९९५ साली विद्यार्थ्यांच्या एका वर्गाने दाखवले. एक लिटर पाण्यात निर्जल धुण्याचा सोडा ५४ ग्रॅम, जीवनसत्त्व क ची पूड १६ ग्रॅम, चिकोरी नसलेली झटपट कॉफी ४० ग्रॅम; २० अंश तापमानाला सुमारे पंधरा मिनिटे. स्फटिकरूपी सोडा असेल तर वजन पावणेतीनपट घ्यावे. शेवटी हायपोत बुडवायचेच, नाहीतर न नोंदलेले स्फटिक उजेडात हळूहळू काळे पडतात. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते, तो मोरीत ओतू नये. वास फार वाईट येतो, वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

बाराव्या चित्रात चुलीचा जाळ पांढरा फटक आला आहे. भिंतीवरची भांडी, फडताळ, परात सगळे जागच्या जागी. काकूंचा चेहरा थोडा मऊ, पण ओळखू येतो. त्या खाली पाहत होत्या आणि मान फारशी हलली नव्हती. हातांच्या जागी मात्र परातीवर नुसता धुरासारखा गोल झोत आहे. काकूंनी चित्र बराच वेळ निरखले. "अरे, माझे हात कुठं गेले?" आम्ही त्यांना चार सेकंदांचा हिशेब सांगितला. त्यांनी तो लगेच पकडला. म्हणाल्या, "मग थापताना कशाला काढलंस? भाकरी निखाऱ्याला लावली की फुगेपर्यंत हात हलत नाही माझा. तेव्हा काढ." दुसऱ्या दिवशी आम्ही घड्याळ लावून बसलो. तीन भाकऱ्या मोजल्या. काकूंचा हात पाच ते सहा सेकंद स्थिर राहतो.